हुल्डाच्या घरामागची दलदल

पालिकेच्या संकेतस्थळावर ग्रानसेलेच्या नावापुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं हिल्डिंगने वाचलं आणि त्याला कॉफीचा ठसका लागला. ‘आमच्याकडे राहायला या’ अशा लाडिक मथळ्याखाली तिथे झाडून सगळ्या गावांची वर्णनं होती. घरं कशी, किमती काय, शाळा किती लांब, हवा किती चांगली. पलीकडच्या गावाला तर दोन फोटो मिळाले होते, आणि त्यातला एक ग्रानसेलेच्या तळ्याचा होता! ज्या माणसाने उभी हयात पोरांना भूगोल शिकवण्यात घालवली, ज्याचे विद्यार्थी झोपेतून उठवलं तरी बोलिव्हियाच्या नद्या घडाघडा सांगत, त्याच्याच गावाबद्दल माहिती उपलब्ध नसावी, हा अपमान पचण्यासारखा नव्हता.

“मायलिस, ऐकलंस का? आपण उपलब्ध नाही.”

“मी आहे,” ओट्यापाशी उभी असलेली त्याची बायको मागे न बघता म्हणाली. “तू कॉफी संपव.”

हिल्डिंगने तडक पालिकेत फोन लावला. तिकडे रासमुस नावाचा आकर्षण-विकास अधिकारी होता. हे पद पालिकेने नुकतंच काढलं होतं, कारण उत्तर स्वीडनमधल्या या वेस्टरबॉटन जिल्ह्यातली माणसं कमी होत चालली होती आणि कचेरीतली पदं कमी करता येत नव्हती. रासमुस दक्षिणेकडचा, कोवळ्या वयाचा आणि उत्साहाने नुसता उतू जाणारा.

“तक्रार आहे? उत्तम!” रासमुस म्हणाला. “मग तुम्हीच लिहा ना! आम्हाला स्थानिक आवाज हवेच आहेत.”

स्थानिक आवाजाने उरलेली कॉफी एका घोटात संपवली आणि हो म्हणाला.

रागाचं आपलं निमित्त झालं. हो म्हणण्याचं खरं कारण वेगळं होतं. गावच्या शाळेचा पट इतका आटला होता की अजून तीन मुलं आली नाहीत तर शाळा बंद करायचा ठराव ऑगस्टच्या सभेत येणार होता. मग हिल्डिंगच्या नातीला, तुवाला, हिवाळ्यातल्या काळ्याकुट्ट सकाळी बसमध्ये बसून लांबच्या शाळेत जावं लागलं असतं. तुवाची आई एलिन, म्हणजे हिल्डिंगची एकुलती एक लेक, आरोग्य केंद्रात परिचारिका होती. तिने एका रविवारी केक कापता कापता सांगून टाकलं होतं, “शाळा गेली तर आम्ही उमेओला जाणार, बाबा.” एलिन ओरडली असती तर हिल्डिंगला काळजी वाटली नसती. पण ती शांतपणे बोलली की बोललेलं करते. हा गुण तिने आईकडून उचललाय. उमेओ म्हणजे जिल्ह्याचं मोठं शहर, काही चंद्र नव्हे. पण शाळा सुटल्यावर दप्तर फेकून “आजोबा, आज काय खायला?” असं विचारणारी पोर उमेओहून रोज येणार नव्हती. तेव्हा हिल्डिंगला अहवाल वगैरे लिहायचा नव्हता, त्याला एक पोराबाळांचं कुटुंब हवं होतं.

रासमुसने एक तक्ता पाठवला. त्याचं नाव ‘राहण्याजोगेपणा’. प्रत्येक बाबीला पाचपैकी गुण द्यायचे आणि पुढे दोन ओळी लिहायच्या. जन्मभर दुसऱ्यांना गुण दिलेल्या माणसाला यात काय अवघड? पण हिल्डिंगचा स्वभाव शिक्षकाचा. खरं तेच लिहायचं, असं त्याने ठरवलं, आणि पंचाईत तिथेच झाली. ‘सार्वजनिक वाहतूक’ या बाबीपुढे त्याने लिहिलं : ‘शहरात जायला रोज बस आहे. परत यायलाही आहे, पण ती आधी निघते.’ ‘सूर्यप्रकाश’ यापुढे : ‘डिसेंबरात सूर्य येऊन जातो, बसत नाही.’ ‘रात्रीचं जीवन’ यापुढे बराच विचार करून ‘घुबड’ असं लिहिलं.

गावाचं मत घ्यावं म्हणून तो सीवच्या दुकानात गेला. गावात हे एकच दुकान. पोस्ट, औषधं आणि बातम्या तिथेच मिळतात. शेजारचा एवर्ट तिथे कॉफीच्या थर्मासपाशी बसलेला होताच. एवर्ट पूर्वी लाकूडतोडीच्या कामावर होता. आता तो सल्ले देतो.

“डासांवर एक सबंध प्रकरण लिही,” एवर्ट म्हणाला.

“अरे, माणसं बोलवायचीत, पळवायची नाहीत.”

“म्हणूनच सांगतोय. डासांबद्दल वाचूनही जी येतील ती टिकतील.”

“माझ्या दुकानात सगळं मिळतं असं लिही,” सीव म्हणाली.

“सगळं?”

“ऑर्डर दिली तर.”

“आणि नाही दिली तर?”

“मग जे आहे ते मिळतं. तूही लिहायला बसलास की फार खोलात शिरतोस बघ, हिल्डिंग.”

यानंतर घरांचा बाजार. बाजार म्हणावा असं गावात काही नव्हतं. रिकामी घरं पुष्कळ होती; पण प्रत्येक घर कुणा तरी मयताच्या वारसांचं, आणि प्रत्येक वारस म्हणे, “विकायचं नाही हो, आम्ही उन्हाळ्यात येतो ना!” हे वारस शेवटचे आले त्या उन्हाळ्यात एलिन पाळण्यात होती. खिडक्यांना पडदे, दाराला बाहेरून झाडू टेकवलेला, म्हणजे मालक एवढ्यात येतोच आहे. ते झाडूसुद्धा आता म्हातारे झाले होते.

शेवटी गावाच्या टोकाला, रस्ता संपतो तिथलं हुल्डाचं घर काय ते हाती लागण्यासारखं होतं. हुल्डाने लग्न केलं नाही, त्यामुळे वारस भाचे-पुतणे, आणि ते स्टॉकहोमपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले. हिल्डिंगने एकेकाला फोन केले. ऑस्ट्रेलियातला पुतण्या कधीही फोन केला तरी झोपेतच असे. घर विकायला कुणाची ना नव्हती. भांडण होतं ते स्वयंपाकघरातल्या उंच घड्याळावरून. ते प्रत्येकाला हुल्डाने स्वतः कानात सांगून दिलेलं होतं. दोन आठवडे फोनाफोनी झाल्यावर हिल्डिंगने तोड काढली : घड्याळ कुणीच न्यायचं नाही, ते घराबरोबर विकायचं. सगळ्यांनी आनंदाने होकार दिला. आपल्याला नाही मिळालं या दुःखापेक्षा दुसऱ्यालाही नाही मिळालं, हे समाधान मोठं असतं.

किंमत ठरली ती एवर्टच्या बर्फावर चालणाऱ्या स्कूटरपेक्षा कमी. एवर्टने त्यानंतर ती स्कूटर रोज पुसायला सुरुवात केली.

आता राहिली एकच बाब : ‘निसर्ग आणि परिसर.’ इथे हिल्डिंगची लेखणी अडली.

हुल्डाच्या घरामागे पाइनची विरळ झाडी आहे आणि त्या झाडीमागे दलदल आहे. जुलैच्या शेवटी त्या दलदलीत योर्ट्रोन पिकतात. तुतीसारखी दिसणारी, पिकली की केशरी होणारी फळं. त्यांचा मुरंबा गरम वॅफलवर घालून खाल्ला नाही तर त्या वर्षी उन्हाळा झालाच नाही असं इथे धरतात. ही फळं लावता येत नाहीत, ती आपल्या मर्जीने उगवतात. आणि या देशाचा कायदा असा की रानातली फळं कुणाच्याही जमिनीवर असोत, ती कुणीही वेचावीत. कुंपण घालायची सोय नाही, त्यामुळे ज्याला दलदल सापडली ती त्याची, आणि त्याने तोंड बंद ठेवणं एवढंच कुंपण. ग्रानसेलेत माणसं पगार सांगतात, दुखणी सांगतात, आग्रह केला तर मत कुणाला दिलं तेही सांगतात. दलदल सांगत नाहीत. बायकोलाही नाही. हिल्डिंगची दलदल वेगळी, मायलिसची वेगळी, आणि चाळीसेक वर्षांच्या संसारात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. तळघरात दोघांच्या बरण्या दोन फळ्यांवर असत आणि दर हिवाळ्यात कुणाच्या दलदलीतलं फळ जास्त गोड यावर वाद होई. मायलिसच्या मते हिल्डिंगचं फळ पाणचट होतं.

हुल्डाच्या घरामागची दलदल ही हिल्डिंगची.

त्याने एकवार खिडकीबाहेर बघितलं, आणि ज्या हाताने बोलिव्हियाचे नकाशे काढले त्याच हाताने लिहिलं : ‘घरामागे खोल दलदल आहे. जमीन खचते. कृपया जाऊ नये.’

खोटं लिहिल्यावर वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याने मनाची समजूत घातली : घर आपण देतोय, शाळा देतोय, तळं देतोय. एक दलदल ठेवून घेतली तर कुणाचं काय गेलं?

अहवाल गेला आणि रासमुसने कुटुंबही शोधून काढलं. हॉलंडमधलं जोडपं. वाउटर सुतार, त्याची बायको हानेके दंतवैद्य आणि मुलं बरोब्बर तीन. दोघं स्वीडिश शिकूनच निघाले होते. हिल्डिंगला रासमुसचे हात हातात घ्यावेसे वाटले. तेवढ्यात रासमुसने तारीख सांगितली : पालिकेने ‘नव्या रहिवाशांचा आठवडा’ जुलैच्या शेवटी ठेवला होता.

“जुलैच्या शेवटी?” हिल्डिंग ओरडला. “अहो, तेव्हा गावात कुणी नसतं!”

“का? कुठे जातात?”

याचं उत्तर काय देणार? “दाताला,” हिल्डिंगच्या तोंडून निघून गेलं.

आणि तेच सांगायची रीतही आहे. त्या आठवड्यात ग्रानसेलेत कुणी दलदलीत जात नाही. सगळे दात दाखवायला जातात. गाडी भलत्याच दिशेला लावायची, बादली घोंगडीखाली लपवायची, आणि लांबच्या वाटेने परत यायचं.

डच कुटुंब आपल्या मोठ्या फिरत्या घर-गाडीतून आलं तेव्हा गाव ओस पडलं होतं. दारोदारी झाडू टेकवलेले. सीवच्या दुकानाच्या काचेवर पाटी : ‘दाताला गेले आहे.’ पोस्टमननेही आपल्या घराच्या दारावर तीच लावलेली. मायलिस तर न्याहारी झाल्याबरोबर निघून गेली होती. तिलाही दाढ होती. हिल्डिंग एकटा सभागृहासमोर केक घेऊन उभा.

हानेके उंच, लाल गालांची आणि मनात आलं ते तोंडावर बोलणारी बाई. तिने पाटी वाचली, मग दुसरी वाचली.

“इथे सगळ्यांचेच दात बिघडलेत?”

“हो, म्हणजे... पाणी जरा...” हिल्डिंग चाचरला.

“वाउटर!” हानेकेने नवऱ्याला हाक मारली. “इथे मला भरपूर काम आहे!”

तेवढ्यात एवर्टची गाडी आली. मागच्या सीटवर घोंगडीखाली काही तरी बादलीएवढं गोल.

“तुम्हीही दंतवैद्याकडेच गेला होतात?” हानेकेने खिडकीत वाकून विचारलं. एवर्टने श्वास आत ओढला. उत्तरेकडची माणसं हो म्हणायचं असलं की एवढंच करतात. हानेकेला वाटलं याला दमा आहे, आणि तिने त्याला बळेच पाणी पाजलं. एवर्टच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता हे तिला त्या वेळी दिसलंच.

घर मात्र त्यांना बघताक्षणी आवडलं. वाउटर छतावर चढला, तुळया ठोकून आला आणि खूश होऊन उतरला. मुलं जिन्यावरून वरखाली पळत होती. हिल्डिंगच्या डोळ्यांसमोर शाळेचा पट भरत होता. मग हानेकेने मागची खिडकी उघडली.

“त्या झाडांमागे काय आहे?”

“दलदल. फार वाईट. कुणी जात नाही.” हिल्डिंगला वाटलं एवढं पुरे नाही. “पूर्वी एकदा एक गाय गेली होती. शिंगंसुद्धा सापडली नाहीत.”

ही गाय तिथल्या तिथे जन्माला आली आणि तिथल्या तिथे बुडाली. पण पाहुण्यांना घर दाखवायला आलेल्या रासमुसने ती टिपून घेतली, आणि कचेरीच्या कागदात शिरलेली गाय बाहेर काढणं दलदलीतली काढण्यापेक्षा अवघड असतं.

पुढचे दिवस हिल्डिंगने फोनला कान लावून काढले. बँक म्हणाली, इतक्या लहान रकमेचं गृहकर्ज आमच्यात बसत नाही, हवं तर मोटारीसाठी घ्या. वाउटरने छताचा आणि न्हाणीघराचा खर्च त्यात घातला, तेव्हा कुठे ती रक्कम बँकेच्या नजरेत भरली. मग बँकेने पालिकेचा अहवाल वाचला. ‘जमीन खचते.’ ‘पशुहानी.’ घर उद्या जमिनीत गेलं तर आमच्या तारणाचं काय? जमीन पक्की असल्याचा जिल्ह्याचा दाखला आणा.

“दाखला कोण देतो?” हिल्डिंगने रासमुसला विचारलं.

“भूगर्भतज्ज्ञ. पण ते सगळे रजेवर आहेत. जुलै-ऑगस्ट आहे ना! मीही उद्यापासून नाही.”

“आणि सभा?”

“सभा मात्र आहे,” रासमुस दुःखाने म्हणाला.

त्या संध्याकाळी एलिन आली. “काय म्हणते बँक?” एवढंच तिने विचारलं. हिल्डिंगने सांगितलं तशी ती थोडा वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. “तू खूप केलंस बाबा,” ती म्हणाली, आणि ते ऐकून हिल्डिंगला आपल्या कानशिलात भडकावून घ्यावीशी वाटली. केलं होतंच त्याने. गायही त्यानेच केली होती.

अखेर रजेवर न गेलेली एक भूगर्भतज्ज्ञ सापडली. इल्वा तिचं नाव. ऑगस्टच्या सुरुवातीला ती पिवळं जाकीट घालून, लांब सळई घेऊन हुल्डाच्या घरामागे येऊन उभी राहिली. डच कुटुंब होतं. आणि दलदलीचा विषय म्हटल्यावर ज्या गावात सभेला बोलावूनही माणसं मिळत नाहीत ते गाव सबंध लोटलं होतं, सीव दुकान बंद करून. मायलिस तेवढी नव्हती. ती बहिणीकडे लुक्सेलेला गेली होती, आणि हिल्डिंगने तिला आपण बँकेत जातोय एवढंच सांगितलं होतं.

इल्वा झाडीच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. “मला आत जाता येणार नाही.”

“का?” वाउटरने विचारलं.

“जागा धोकादायक म्हणून नोंदलेली आहे. नियमाप्रमाणे दोरखंड, दुसरा माणूस आणि दलदलीतून माणूस काढायचं प्रशिक्षण लागतं. प्रशिक्षण नोव्हेंबरात आहे.”

“धोकादायक आहे असं कोण म्हणतं?”

इल्वाने कागद उलटले. “पालिकेचा अहवाल.”

“आणि पालिकेला कुणी सांगितलं?” हानेके म्हणाली.

सगळ्या गावाने मान वळवून हिल्डिंगकडे बघितलं.

“म्हणजे धोका आहे की नाही हे आत गेल्याशिवाय कळणार नाही, आणि धोका आहे म्हणून आत जायचं नाही,” हानेके म्हणाली. “वाउटर, सोमवारपर्यंत आपल्याला हॉलंडमधल्या शाळेला कळवायचंय. मुलांना असं टांगून ठेवणं बरं नाही. जाऊ या आपण परत.”

वाउटरने नुसती मान हलवली. धाकटा पोरगा रडायला लागला. त्याने जिन्याखालची खोली आपली म्हणून आधीच जाहीर केली होती.

हिल्डिंगला तुवाची आठवण झाली. त्याने विजारीचे पाय बुटांत खोवले आणि कुणाला काही न सांगता झाडीतून सरळ दलदलीत उतरला.

“अहो, थांबा!” इल्वा ओरडली. “सळई तरी घ्या!”

सळई कशाला हवी? हिल्डिंग डावीकडच्या उंचवट्यावरून वाकड्या पाइनपाशी गेला, तिथून न बघता उजवीकडे वळला, एका डबक्यावरून अलगद उडी मारली आणि पलीकडच्या ओंडक्यावर नेमका पाय ठेवला. खचणं दूर, त्याचा बूटसुद्धा ओला झाला नाही. पण ज्याच्यामुळे इल्वाचा जीव भांड्यात पडत होता त्याच्यामुळेच काठावरच्या गावाचे डोळे मोठे होत होते.

“बघ बघ,” एवर्ट सीवला म्हणाला, “प्रत्येक ढेकूळ पाठ आहे त्याला! ओंडका त्यानेच टाकलाय! अरे लबाडा, ही तुझी काय?”

हिल्डिंगने ते ऐकलं आणि त्याचे कान तापले. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांना दिसावं म्हणून तो मधोमध जाऊन उभा राहिला आणि एकदा उडीसुद्धा मारली. भोवताली केशरी फळं पसरली होती. हंगाम सरत आला तरी इतकी, की काठावर कुणी तरी उसासा टाकला.

त्याच वेळी समोरच्या खुरट्या झाडामागून एक डासांची जाळीवाली टोपी वर आली. टोपीखाली बादली होती. बादलीमागे मायलिस होती.

तिने तोंडावरची जाळी वर केली.

“तू लुक्सेलेला गेली होतीस,” हिल्डिंग म्हणाला.

“तू बँकेत गेला होतास,” मायलिस म्हणाली. “इथे काय करतोयस माझ्या दलदलीत?”

“तुझ्या?”

“मी लग्नाआधीपासून येते इथे! पलीकडच्या रस्त्याने. अलीकडची अर्धी कुणी तरी मेला दर वर्षी आधीच ओरबाडून नेतो—” ती बोलता बोलता थांबली. “हिल्डिंग!”

“मला वाटायचं पलीकडची एवर्ट नेतो,” हिल्डिंग पुटपुटला.

“मलाही एवर्टच वाटायचा.”

“म्हणून तुम्ही मला ख्रिसमसला मुरंबा द्यायचा बंद केलात होय?” एवर्ट काठावरून गरजला. “दोघांनीही? मी म्हणत होतो मी काय घोडं मारलंय यांचं!”

“आणि माझं फळ पाणचट काय?” हिल्डिंगला एकदम आठवलं. “एकाच दलदलीतलं फळ, मायलिस!”

“वेचण्यावर असतं ते,” मायलिस म्हणाली आणि बादली सावरत काठाकडे निघाली. इल्वाने एक म्हातारा उडी मारताना आणि एक म्हातारी भरल्या बादलीसकट चालताना बघितली, आणि कागदावर ‘भार सहन करते’ असं लिहिलं.

काठावर हानेके कंबरेवर हात ठेवून उभी होती. “म्हणजे गाय बुडालीच नव्हती?”

“नाही.”

“मग खोटं का लिहिलंत?”

गावातल्या प्रत्येकाला कारण ठाऊक होतं आणि प्रत्येक जण आभाळाकडे बघत होता. हिल्डिंगने हातातली टोपी दोनदा फिरवली.

“या फळांसाठी,” तो म्हणाला. “शाळा राहिली नाही तर माझी मुलगी माझ्या नातीला घेऊन जाणार आहे. त्या पोरीशिवाय आमच्या घरात दिवस कसा जाईल मला माहीत नाही. तुम्ही यावं म्हणून मी नऊ वारसांच्या पाया पडलो. आणि तरीही चार बादल्या फळांसाठी तुमच्यापासून लपवलं. मला लाज वाटते. तुम्ही परत गेलात तर तुमचं चुकलं असं म्हणणार नाही मी.”

ग्रानसेलेत एकाच माणसाचं एवढं बोलणं एका दमात कुणी ऐकलं नव्हतं. सीवने नाक पुसलं.

हानेकेने सगळ्या गावाच्या तोंडांवरून नजर फिरवली. “आणि दात?”

“दात चांगले आहेत सगळ्यांचे,” हिल्डिंग म्हणाला. “एवर्ट सोडून.”

“म्हणजे मला इथे काम नाही?”

“आहे की,” मायलिस म्हणाली. तिने बादली हानेकेच्या हातात दिली. “आमचा जुना दंतवैद्य गेल्याला दोन वर्षं झाली. आम्ही खरोखर दाखवायला जायचं म्हटलं तर उमेओपर्यंत जावं लागतं, म्हणून कुणी जातच नाही. हे खा आधी. कुठलाही निर्णय उपाशीपोटी घेऊ नये.”

हानेकेने एक फळ तोंडात टाकलं, मग दुसरं. मग तिने बादली नवऱ्यापुढे धरली, आणि मुलांनी ती त्याच्यापर्यंत पोचू दिली नाही. “हिवाळ्याबद्दल काय लिहिलंत, तेही खोटंच का?” वाउटरने तोंड भरलेलं असताना विचारलं.

“हिवाळा त्याहून वाईट असतो,” हिल्डिंग म्हणाला. “रासमुसने दोन ओळी गाळल्या.”

वाउटर मोठ्याने हसला. एवर्टने घसा साफ करून जाहीर केलं की आता ही दलदल कळली असली तरी तो शेजारधर्म पाळून इथे पाऊल ठेवणार नाही. त्याच्या पायात रबरी बूट होते आणि पाठीमागे धरलेल्या हातात बादली होती, त्यामुळे कुणी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव तिथे होतं. हिल्डिंगला ते बघवत नव्हतं. तो घरात बसून दाखल्याच्या प्रती काढत होता.

बँकेने कर्ज दिलं. सभेत ठराव आला तेव्हा पटावर तीन नवी नावं चढलेली होती, आणि तीही अशी की अध्यक्षांना उच्चारता येईनात. ठराव बारगळला. हिल्डिंग घरी येऊन मायलिसला एवढंच म्हणाला, “राहिली,” आणि तिने श्वास आत ओढला.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी एलिनची गाडी अंगणात येऊन उभी राहिली. आत केळ्यांची रिकामी खोकी छताला टेकेपर्यंत भरलेली.

“बाबा, ही कुठे टाकू? सीव परत घेत नाही म्हणते.”

हिल्डिंग खोक्यांकडे बघत राहिला. “एवढी कधी आणलीस?”

“सामान भरायला वसंतापासून जमवत होते. थोडी थोडी.” एलिनने दार उघडलं तशी दोन खोकी गवतावर घरंगळली. “तुला सांगितलं नाही. तू इतका लिहीत बसला होतास ना.”

हिल्डिंग पायरीवर बसला. आपण तक्ते भरत होतो, गुण देत होतो, वारसांशी घड्याळावरून हुज्जत घालत होतो, आणि चार घरं सोडून तेव्हाच ही खोकी एकावर एक चढत होती. त्याला आत्ता, सगळं ठीक झाल्यावर, भीती वाटली.

सगळ्यात मागे एक मोठं खोकं होतं. त्यावर तुवाच्या तिरक्या अक्षरांत ‘आजोबा’ असं लिहिलेलं, आणि चारी बाजूंना पेन्सिलीने पाडलेली भोकं.

“यात काय होतं?”

“काही नव्हतं. ते तिने शेवटी भरायचं म्हणून ठेवलं होतं,” एलिन म्हणाली. “भोकं हवेसाठी आहेत. उमेओ लांब आहे ना.”

हिल्डिंगने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावला. मग पुन्हा काढला. मायलिस हात पुसत बाहेर आली. तिने खोकं बघितलं, नाव वाचलं, भोकांतून आत डोकावली आणि मग नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत नजर टाकली.

“गुडघे पोटाशी घेतले असते तर मावला असतास,” ती म्हणाली, आणि तिचाही आवाज नीट नव्हता.

बाकीची खोकी त्यांनी दुपारी जाळली. ते एक मात्र हिल्डिंगने कवेत घेऊन घरात नेलं, आणि अंगणातल्या टेबलावरचे वॅफल गार व्हायला लागले तरी तो बाहेर आला नाही.